जात्यावरच्या ओव्यांचे जतन : गावात आणि गाव सोडून आलेल्या घरांत

पिठाची गिरणी गावोगाव पोहोचली आणि जात्यावरचे दळण थांबले, तेव्हा बायकांची पहाटेची मेहनत वाचली. त्याबद्दल हळहळण्याचे काही कारण नाही. मात्र त्या मेहनतीच्या सोबतीने गायल्या जाणाऱ्या ओवीचे रोजचे निमित्त त्याबरोबर संपले. आज ओवी ज्यांना येते त्या बहुतेक बाया साठी-सत्तरी ओलांडलेल्या आहेत. काही अजून गावातच आहेत, तर काही मुलाच्या बिऱ्हाडी मुंबईला किंवा पुण्याला राहायला आल्या आहेत, आणि तिथे त्यांना ओवी येते हे शेजारच्या दारालाही ठाऊक नसते. आपल्या आजीच्या, गावच्या किंवा चाळीतल्या बायांच्या ओव्या नीट जतन कराव्यात असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. यासाठी संगीताचे शिक्षण लागत नाही; चिकाटी आणि नोंदींची शिस्त मात्र लागते.

या क्षेत्रात महाराष्ट्रात झालेले सर्वांत मोठे काम आधी माहीत करून घ्यावे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी पुण्याला राहून, ग्रामीण स्त्रियांच्या संघटनेतल्या कार्यकर्त्यांच्या मदतीने, 1980 नंतरच्या काळात जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे बर्नार्ड बेल हे संगीताचे आणि संगणकाचे जाणकार त्यांना येऊन मिळाले. हजाराहून अधिक गावांतल्या 1 लाखाहून अधिक ओव्या त्यातून नोंदवल्या गेल्या, आणि 2017 पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहाने त्या गायिकांच्या नावांसह आणि छायाचित्रांसह प्रसिद्ध करायला घेतल्या. इतक्या ओव्यांपैकी ध्वनिमुद्रण मात्र थोड्यांचेच आहे. बाकीच्या हाताने लिहून घेतलेल्या आहेत. त्या काळी टेप आणि यंत्र दोन्ही महाग होते, म्हणून तसे होणे स्वाभाविक होते. आज ती अडचण उरलेली नाही. आता उणीव पडते ती नोंदींची : ओवी कोणाची, कोणत्या गळ्यावरची म्हणजे चालीवरची, कोणाकडून आलेली, कोणासमोर गायलेली. गेल्या शतकात छापलेल्या अनेक संग्रहांत ओवीचे शब्द आहेत, पण गाणारीचे नाव नाही आणि चालीचा मागमूस नाही. तसे होऊ द्यायचे नसेल तर प्रत्येक ओवी तिच्या गाणारीशी बांधलेली राहील अशी व्यवस्था पहिल्या दिवसापासून करावी. पुढच्या सगळ्या सूचना याच एका गोष्टीसाठी आहेत.

जाण्यापूर्वी

गावाचे वेळापत्रक समजून घेतल्याशिवाय तारीख ठरवू नये. बीड जिल्ह्यातल्या पुष्कळ गावांतली तरणी माणसे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या काळात गावात म्हाताऱ्या बाया भेटतील, पण त्यांच्यावर नातवंडांचा आणि घराचा सारा भार असतो. पेरणी, खुरपणी, काढणी या दिवसांत कोणाला सवड नसते. लग्नसराईत मात्र संधी चालून येते, कारण अनेक समाजांत हळदीच्या वेळी जात्याची पूजा होते, घाणा भरण्याचा म्हणजे दळण-कांडणाचा विधी होतो आणि त्या वेळी ओव्या गायल्या जातात. असा प्रसंग मिळाला तर तो आधी टिपावा. तिथे ओवी अजून खऱ्या कामासाठी गायली जात असते.

ओळखीशिवाय थेट घरात शिरून यंत्र काढणे टाळावे. अंगणवाडी ताई, आशा सेविका, बचत गटाची अध्यक्ष किंवा भजनी मंडळातल्या बाया यांच्यापैकी कोणीतरी सोबत असावी. ध्वनिमुद्रण करणारा पुरुष असेल तर बरोबर एक स्त्री असणे आवश्यक आहे. सासरच्या जाचाची ओवी सासरच्या पुरुषांसमोर, किंवा जावेच्या आणि सासूच्या कानावर पडेल अशी, कोणतीही शहाणी बाई गाणार नाही. ती राम-सीतेच्या आणि विठ्ठलाच्या ओव्या गाईल आणि आपल्याला वाटेल की तिला तेवढ्याच येतात.

पैशांचा प्रश्न आधीच सोडवून ठेवावा. मजुरीला जाणारी बाई आपल्यासाठी अर्धा दिवस बसली तर तिचा रोज बुडतो. तो भरून देणे हे किमान सौजन्य आहे आणि ते देताना संकोच करू नये. गोंधळी, वासुदेव, डक्कलवार यांसारख्या, गाणे हीच ज्यांची उपजीविका आहे, अशा कलावंतांकडे जाताना तर बिदागी ठरवूनच जावे. ‘आम्ही तुमची कला जपतो आहोत’ हे वाक्य बिदागीच्या जागी चालत नाही.

संमती

कागदावर अंगठा घेतला म्हणजे संमती मिळाली असे नाही. काय करणार आहोत ते तिच्या बोलीत सांगावे आणि चार गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात : आवाज टिपला तर चालेल का, तो जपून ठेवला तर चालेल का, अभ्यास करणाऱ्यांना ऐकवला तर चालेल का, आणि इंटरनेटवर सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला तर चालेल का. पहिल्या तिन्हींना होकार आणि चौथ्याला नकार असे उत्तर अगदी रास्त आहे. नाव लावावे की नाही हेही स्वतंत्रपणे विचारावे. हा सारा संवाद मुद्रित करून ठेवावा. अक्षरओळख नसलेल्या बाईसाठी तोच खरा पुरावा ठरतो. मुद्रण संपल्यावर तिला ते ऐकवावे आणि त्यातले काही काढून टाकायचे आहे का असे पुन्हा विचारावे, कारण गाण्याच्या ओघात नणंदेचे किंवा सवतीचे नाव येऊन गेलेले असते.

कायदाही या बाबतीत गाणाऱ्या व्यक्तीच्या बाजूचा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार गाणाऱ्याला सादरकर्ता म्हणून स्वतंत्र हक्क असतात आणि ते 50 वर्षे टिकतात; ध्वनिमुद्रणावरचा हक्क 60 वर्षांचा असतो. ओवी परंपरेने आलेली आहे म्हणून तिच्या मुद्रणावर कोणाचाच हक्क नाही, असे गृहीत धरून ते एखाद्या रीमिक्सवाल्याच्या हाती देणे नीतीलाही धरून नाही आणि कायद्यालाही.

मुद्रण

मुद्रण 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिट या मापाने, वेव्ह स्वरूपात करावे. ध्वनिसंग्रहालये हेच किमान माप मानतात. दोन वाहिन्यांच्या अशा मुद्रणाला तासाला साधारण 1 गीगाबाइट जागा लागते, त्यामुळे 64 गीगाबाइटचे कार्ड पुष्कळ दिवस पुरते. हातात धरता येण्याजोगा साधा रेकॉर्डर मिळाला तर उत्तम. नसेल तर फोन चालतो, पण त्यात वेव्ह स्वरूपात मुद्रण करणारे ॲप घालावे आणि गोंगाट आपोआप कमी करणारी सोय बंद करावी. ही सोय बोलण्यासाठी बनवलेली असल्यामुळे लांबवलेला सूर आणि जात्याची घरघर तिला गोंगाटच वाटतो आणि ती दोन्ही खाऊन टाकते. व्हॉट्सॲपवर आलेली व्हॉइस नोट मूळ प्रत म्हणून जपणारे लोक पुष्कळ भेटतात. ती आकार लहान करण्यासाठी दाबलेली, दर्जा उतरलेली प्रत असते. मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे त्या फोनमधून केबलने काढून घ्यावी.

आवाजाची पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठा सूरही उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील. कानाला हेडफोन लावल्याशिवाय मुद्रण सुरू करू नये. पत्र्याच्या छपराखाली आवाज घुमतो आणि उन्हात पत्रा कडकडतो, म्हणून मातीच्या भिंतींची खोली किंवा पडवी बरी. फ्रिज, पंखा आणि टीव्ही बंद करायला सांगावे, पण कोंबड्यांना आणि लेकरांना हाकलू नये. सुरुवातीला तारीख, गाव, गाणारीचे नाव आणि आपले नाव तोंडाने बोलून घ्यावे, आणि शेवटी कोणी न बोलता अर्धा मिनिट नुसती खोलीची शांतता टिपून ठेवावी. पुढे आवाज स्वच्छ करताना ती कामी येते.

आता खरा प्रश्न गाण्याचा. ‘एखादी ओवी म्हणा’ असे म्हटले की बहुतेक बायांना काहीच आठवत नाही. जाते माळ्यावर किंवा अंगणात पडलेले असते. ते धुऊन मांडून घ्यावे आणि खुंटा घट्ट बसवून ज्वारीची किंवा गव्हाची पाच-सहा मुठी वैरण, म्हणजे जात्यात घालायचे दाणे, जवळ ठेवावी. रिकामे जाते फिरवले तर दगडावर दगड घासतो आणि आवाजही वेगळा येतो, शिवाय बाईला ते अपशकुनासारखे वाटू शकते. दाणे पडू लागले आणि हाताला फेर सापडला की तोंडात ओवी आपसूक येते. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याशी जोडलेली असल्यामुळे जात्याशिवायचे गाणे बहुधा अधिक धिमे किंवा अधिक घाईचे होते. म्हणून शक्य असेल तर निदान एक गळा तरी जात्यावरच टिपावा. एक माइक तोंडाच्या उंचीवर हातभर अंतरावर आणि दुसरा जात्यापासून जरा दूर ठेवला तर शब्द आणि घरघर दोन्ही स्वच्छ मिळतात. माइक जात्याच्याच फरशीवर ठेवू नये. दळताना बसणारे हादरे थेट त्यात उतरतात.

एकीपेक्षा दोघी बऱ्या. समोरासमोर बसून दोघींनी खुंटा धरला की एक ओवी सुरू करते, दुसरी उचलते, आणि एकीची ओवी ऐकून दुसरीला तिसरीच आठवते. चार-पाच जणी जमल्या तर बसण्याच्या क्रमाने नावे लिहून ठेवावीत, नाहीतर पुढे कोणता आवाज कोणाचा हे कोणालाच सांगता येत नाही.

गळा म्हणजे चाल. एकाच गळ्यावर शेकडो ओव्या गाता येतात. उलट, एकच ओवी दोन गावांत दोन गळ्यांवर ऐकू येते. वेळ थोडा असेल तर हे सूत्र ध्यानात ठेवावे : गाणारीला येणाऱ्या प्रत्येक गळ्यातल्या निदान दहा-बारा ओव्या पूर्ण गाऊन घ्याव्यात आणि उरलेल्या सांगून घेतल्या तरी चालतील. मात्र अनेक बायांना चालीशिवाय शब्द आठवतच नाहीत. त्यांच्याकडून जबरदस्तीने गद्यात वदवून घेऊ नये, गुणगुणू द्यावे. चहाच्या वेळी मुद्रण थांबवण्याची घाईही करू नये, कारण ओवीमागची हकीकत बहुधा तेव्हाच सांगितली जाते. यंत्र चालू आहे हे मात्र तिला माहीत असले पाहिजे.

काय विचारावे, काय लिहावे

गाणारीचे एकच गाव लिहिणे ही सर्रास आढळणारी उणीव आहे. ओवी बाईबरोबर लग्नातून प्रवास करते, म्हणून माहेर आणि सासर ही दोन्ही गावे तालुक्यांसह लिहावीत आणि प्रत्येक गळ्याबद्दल विचारावे की हा कोठचा, आईकडचा की सासूकडचा. मुळशीच्या खोऱ्यातली ओवी सोलापूरकडे कशी सापडली, याचे उत्तर एखाद्या सोयरिकीत असू शकते. वय विचारल्यावर ‘असंल साठ-सत्तर’ असे उत्तर येते. तेव्हा लोकांच्या आठवणीतल्या घटनांचा आधार घ्यावा. कोयनेचा भूकंप डिसेंबर 1967 चा, मोठा दुष्काळ 1972 चा, किल्लारीचा भूकंप सप्टेंबर 1993 चा. दुष्काळात खडी फोडायला गेलात तेव्हा पदरात लेकरू होते का, एवढ्या एका प्रश्नाने जन्मवर्षाचा अंदाज चार-पाच वर्षांच्या आत येतो.

जात विचारावी की नाही हा नाजूक भाग आहे. ओवीचा आशय तिच्याशी जोडलेला असतो. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या कोणी, कोणत्या अनुभवातून रचल्या हे समाजाचा उल्लेख टाळून कळणार नाही. तरीही तो उल्लेख गाणारीने आपण होऊन केला तरच लिहावा, आणि सार्वजनिक नोंदीत तिच्या परवानगीनेच घ्यावा.

लिहून काढताना भाषा सुधारू नये. ‘व्हतं’, ‘म्या’, ‘लई’, ‘मपला’ हे जसे ऐकू आले तसेच लिहावे. गाताना बाई चरण मध्येच तोडते, अर्धा चरण दोनदा घेते, ‘गं बाई’ किंवा ‘बया’ भरीला घालते. त्यामुळे प्रत्येक ओवीचे दोन पाठ ठेवणे चांगले. एक गायल्याबरहुकूम, भरीच्या शब्दांसह. दुसरा अर्थाच्या सोयीसाठी दोन ओळींत मांडलेला. प्रत्येक ओवीपुढे ती मुद्रणात कितव्या मिनिटाला आणि सेकंदाला येते तेही लिहावे. न कळलेला शब्द अंदाजाने भरण्यापेक्षा ‘अस्पष्ट’ अशी खूण करून जागा मोकळी ठेवावी. त्याच गावची दुसरी बाई ती क्षणात भरून देते. ओवीत जातिवाचक किंवा बोचरे शब्द आले तर मूळ पाठात ते गाळू नयेत, तो भाग खुला ठेवायचा की नाही एवढेच ठरवावे.

टंकलेखन युनिकोडमध्येच करावे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले अनेक संग्रह आज संगणकावर उघडले की निरर्थक चिन्हे दिसतात. आपल्या हाती असे जुने साहित्य असेल तर आधी त्याचे रूपांतर करून, मूळ कागदाशी ओळ न ओळ ताडून घ्यावे.

गाव सोडून आलेल्यांकडे

स्थलांतरितांच्या घरी जाते बहुधा नसते, पण कपाटात कॅसेट असू शकते. कोकणातून गिरणगावात आलेल्या माणसांनी आपापल्या गावांची मंडळे मुंबईत काढली, खोल्या घेतल्या, आणि शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे दोन पक्षांच्या सवाल-जवाबाच्या गाण्यांचे, सामने व जाखडी हा कोकणातला नाच-गाण्याचा प्रकार इथेही चालू ठेवला. 1982 च्या गिरणी संपानंतर ही वस्ती विरार, डोंबिवली, बदलापूर, नवी मुंबई अशी पांगली. म्हणून एखाद्या गावचे गाणे मुंबईत शोधायचे तर पत्त्यापेक्षा त्या गावच्या मंडळाच्या कार्यवाहाला विचारणे उपयोगी पडते. गणपतीला हीच माणसे कोकणात जातात. मुंबईतल्या तालमीचे आणि गावातल्या खळ्यातल्या जाखडीचे अशी दोन्ही मुद्रणे केली तर काय बदलले, काय तसेच राहिले, हे दोन्ही ऐकून पडताळता येते.

जुन्या कॅसेटला हात लावण्यापूर्वी तिच्या वरच्या कडेचे दोन प्लास्टिकचे कान मोडावेत, म्हणजे चुकूनही तिच्यावर नवे मुद्रण होणार नाही. लेबलाचे छायाचित्र घ्यावे आणि त्यावरचा मजकूर आहे तसा उतरवावा. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट इतरांपासून वेगळी ठेवून जाणकाराकडे द्यावी. यंत्रात घातली तर यंत्राबरोबर पुढच्या कॅसेटही खराब होतात. बाकीच्या एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मागे गुंडाळून घ्याव्यात, वाजवणाऱ्या यंत्राचे डोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि पूर्ण लांबीने वाजवून वरच्याच मापाने संगणकावर घ्यावे. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटे लागतात, त्यात घाई करता येत नाही. खरखर काढलेली प्रत हवी असेल तर वेगळी करावी; मूळ प्रतीवर कोणतीही सफाई करू नये.

समुद्रापार गेलेल्यांची गोष्ट आणखी वेगळी. मॉरिशसमध्ये 1834 पासून करारबद्ध भारतीय मजूर मोठ्या संख्येने जाऊ लागले, त्यांत कोकणातले मराठी लोकही होते, आणि तिथल्या मराठी समाजात जाखडीचे नाव आणि नाच आजही आहेत. त्याच बेटावरच्या भोजपुरी बायकांच्या ‘गीत-गवाई’ला 2016 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. अशा ठिकाणी मुद्रण करताना मराठी कितपत शुद्ध आहे हे पाहत बसू नये. गाणारीला ज्या शब्दाचा अर्थ आता ठाऊक नाही, पण जो ती आजीकडून ऐकला तसाच गाते, त्या शब्दावर खास खूण करावी.

ठेवायचे कोठे

फाइलच्या नावात रोमन लिपीतली लहान अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढेच वापरावे, कारण देवनागरी नावे काही यंत्रांवर बिघडतात. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यानंतर गाव आणि शेवटी अनुक्रमांक असा क्रम ठेवला तर यादी आपोआप कालक्रमाने लागते. बाकीची सारी माहिती साध्या तक्त्यात, देवनागरीत ठेवावी : गाणारी, माहेर, सासर, गळा, प्रसंग, संमतीची मर्यादा, मुद्रण करणारा, यंत्र. त्याच दिवशी रात्री हे भरले नाही तर आठवड्याने आठवत नाही.

प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. हार्ड डिस्क वर्षातून एकदा लावून फाइली उघडतात का ते पाहावे आणि पाच वर्षांच्या आसपास डिस्क बदलावी. घरातला संग्रह जपणाऱ्याच्या हयातीपुरताच सुरक्षित असतो, त्यामुळे एक प्रत संस्थेकडे जाणे चांगले. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे लोकसंगीत आणि परंपरागत संगीताचे संग्रहालय 1982 मध्ये पुण्यात सुरू झाले आणि आता ते गुरुग्राममध्ये आहे; तिथे मुद्रणे ठेवायला देता येतात आणि ती कोणाला ऐकू द्यावीत याच्या अटी देणाऱ्याला घालता येतात. राजस्थानात कोमल कोठारी यांनी उभी केलेली रूपायन संस्था याच प्रकारच्या कामाचे जुने उदाहरण आहे. कोणत्याही संस्थेला देताना गाणारीने घातलेली मर्यादा लेखी कळवावी.

एक प्रत गाणारीच्या घरी द्यावी. वेव्ह फाइल तिच्या फोनवर वाजेलच असे नाही, म्हणून घरच्यांसाठी एमपी-3 प्रत मेमरी कार्डावर द्यावी, आणि जोडीला तिच्या ओव्यांचा मोठ्या टायपातला, तिचे नाव वर छापलेला कागद द्यावा. तो कागद घेऊन पुन्हा जाणे हाच पडताळणीचा उत्तम मार्ग आहे. नात वाचते, आजी दुरुस्त करते, अस्पष्ट शब्द भरले जातात, आणि हमखास नव्या ओव्या निघतात. त्या मागच्या मुद्रणाच्या यादीत घुसडू नयेत. त्या दिवसाची तारीख घालून, नव्या क्रमांकाने, संमती पुन्हा विचारून त्यांची स्वतंत्र नोंद करावी.